वाचलेल्यांचे ऋण

माणसाच्या हातून चूक घडली, परंतु तिच्यामुळे कोणाचेच काही बिघडले नाही, तर तिचे काय करावे? प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राच्या तासाला शोभणारा वाटतो. परंतु रोजच्या जगण्यात तो पावलोपावली उभा ठाकतो आणि आपण बहुधा त्याला वळसा घालून पुढे जातो. एका घटनेच्या आधारे त्याचा विचार करू या.

४ फेब्रुवारी २०२३ची पहाट. अमेरिकेतील टेक्सस राज्यात ऑस्टिनच्या विमानतळावर दाट धुके उतरले होते. मेम्फिसहून आलेले फेडेक्सचे मालवाहू विमान धावपट्टीकडे खाली येत होते. आत तिघे कर्मचारी होते आणि उतरण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. त्याच धावपट्टीवरून कॅन्कूनकडे निघालेल्या साउथवेस्टच्या प्रवासी विमानालाही नियंत्रकाने उड्डाणाची परवानगी दिली. त्यात १२८ माणसे होती. येणारे विमान पोहोचण्यापूर्वी जाणारे निघून जाईल, असे नियंत्रकाने गृहीत धरले. धुक्यामुळे मनोऱ्यातून धावपट्टी दिसत नव्हती आणि जमिनीवरील विमाने दाखवणारी यंत्रणा त्या विमानतळावर नव्हती. प्रवासी विमान इंजिनांच्या चाचणीसाठी धावपट्टीवर काही क्षण थबकले. मालवाहू विमानाच्या वैमानिकांना शंका आली. त्यांनी पुन्हा विचारून परवानगीची खात्री करून घेतली. अखेरच्या घटकेला सहवैमानिकाला धुक्यातून खालच्या विमानाचे दिवे दिसले. उतरणे रद्द झाले, विमान वर उचलले गेले. दोन्ही विमानांमधले उभे अंतर दोनशे फुटांहूनही कमी उरले होते. १३१ माणसांपैकी कोणालाही साधे खरचटले नाही.

आता त्या नियंत्रकाला आपण काय म्हणावे? सहवैमानिकाची नजर क्षणभर दुसरीकडे असती, तर त्याच गृहीतकाला आपण अक्षम्य अपराध म्हटले असते. कृत्य तेच, हेतू तोच, बेसावधपणाही तेवढाच. फरक केवळ परिणामात, आणि परिणाम त्याच्या हाती नव्हता. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वचिंतकांनी १९७६ साली या कोड्याला ‘नैतिक दैव’ अशा अर्थाचे नाव दिले. ज्यावर आपले नियंत्रण नाही त्यासाठी आपल्याला दोषी धरू नये, असे आपण मानतो; परंतु प्रत्यक्षात मात्र निकाल पाहूनच निवाडा करतो.

हे कोडे तत्त्वज्ञांना पूर्णतः सुटलेले नाही. तथापि, त्याच्या अलीकडे एक साधे कर्तव्य आहे आणि ते पाळण्यासाठी कोडे सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. ते कर्तव्य म्हणजे सांगणे.

१ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे एक विमान वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या तयारीत असताना व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले. ९२ माणसे मृत्युमुखी पडली. परवानगीच्या शब्दांचा अर्थ नियंत्रक आणि वैमानिक यांनी वेगवेगळा घेतला होता. त्याहून विदारक गोष्ट चौकशीत निघाली. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीस कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. परंतु तो इशारा कंपनीच्या उंबरठ्याबाहेर पोहोचला नाही. एका घरात जे शहाणपण होते, ते शेजारच्या घरी ठाऊक नव्हते.

यातून १९७६ साली अमेरिकेत एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने वा नियंत्रकाने आपली चूक स्वतः कळवावी. ती शिक्षेचा अधिकार असलेल्या खात्याने नव्हे, तर नासा या तटस्थ संस्थेने स्वीकारावी. नावे पुसून टाकावीत आणि धडा तेवढा सर्वांपर्यंत पोहोचवावा. अनवधानाने नियम मोडणाऱ्याने दहा दिवसांच्या आत असे निवेदन दिले, तर त्याला काही अटींवर दंडातून सूट मिळते. गुन्ह्याला आणि प्रत्यक्ष अपघाताला मात्र ही सवलत नाही.

कोणी विचारील, ही न्यायाची थट्टा नव्हे काय? चूक करावी, कागद भरावा आणि मोकळे व्हावे? आक्षेप हलका नाही. परंतु शिक्षेच्या भयाने लपवलेली चूक नाहीशी होत नाही. ती त्याच जागी दबा धरून बसते आणि पुढच्या वाटसरूची वाट पाहते. येथे क्षमेची किंमत सत्य ही आहे. ज्याला सत्य सांगावयाचे नाही, त्याला सवलतही नाही.

आपल्या घरांत काय घडते? औषधाची बाटली लेकराच्या हाती लागते, आई धावत जाऊन ती वेळेवर हिसकावून घेते. लेकराला एक चापट बसते, मग ते छातीशी धरले जाते, “देवाच्या कृपेने वाचलं गो बाय माझं” असे डोळे पुसत म्हटले जाते. ही कृतज्ञता खोटी नव्हे. परंतु संध्याकाळी बाटली पुन्हा त्याच फळीवर ठेवली गेली आणि बाटली खाली कोणी ठेवली हे लाजेपोटी सासूने सुनेला वा सुनेने सासूला सांगितले नाही, तर त्या कृतज्ञतेचे मोल काय राहिले? आभार मानून आपण जणू हिशेब चुकता करतो. वास्तविक खाते तेथे उघडलेले असते.

टळलेले संकट हे आपल्या निर्दोषपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ते एक ऋण आहे, आणि ज्याने आपल्याला वाचवले त्यालाच ते फेडता येते असेही नाही. माउंट वेदरवरून निसटलेल्यांचे ऋण त्यांच्या मागून येणाऱ्या अनोळखी ९२ जणांना देय होते. ते फेडण्यास शौर्य लागत नाही, द्रव्य लागत नाही. “माझे चुकले होते, तुम्ही जपा,” एवढे सांगण्याइतके धैर्य लागते. परंतु तेवढे धैर्य गोळा करणे किती कठीण असते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला मनोमन ठाऊक आहे.