गाळावरचा हिवाळा

फ्रान्सच्या पश्चिमेला, ल्वार नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडे, नांत शहर आहे. त्याच्या आसपासच्या मळ्यांतून मस्कादे नावाची पांढरी वाइन येते. गोडी जवळजवळ नाहीच. गंधही बेताचा. थोडं लिंबू, थोडं हिरवं सफरचंद, मागून किंचित खारटपणा. पहिल्या घोटाला तिचं कौतुक करावं असं फारसं काही सापडत नाही.

तिचं द्राक्ष मूळचं बर्गंडीचं. प्रसिद्ध शार्दोनेचं सख्खं भावंड. दोघांचे आईबाप तेच. नाव मात्र एकाचंच झालं. 1709च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने नांतभोवतीच्या वेली जळाल्या. पुन्हा लागवड करताना थंडीत तगणारं म्हणून लोकांनी हे द्राक्ष लावलं. ते तिथलंच होऊन गेलं.

या वाइनचं खरं काम हिवाळ्यात चालतं. रस आंबून झाला की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. पुष्कळ ठिकाणी वाइन लवकरच त्या गाळावरून काढून घेतात. इथे अनेक जण ती हिवाळाभर त्यावरच राहू देतात. मेलेल्या पेशी हळूहळू विरतात. पातळ वाइनला जरा अंग येतं, ताज्या पावाचा पुसट वास येतो. वसंतात ती त्या गाळावरूनच थेट बाटलीत भरतात. ही चव आणायला कुणी काही घातलेलं नसतं. फक्त घाई केलेली नसते.

आणि मग कालवं. शिंपल्यात समुद्राचं पाणी तसंच असलेली, कच्ची, थंडगार. एक कालव, एक घोट. वाइनचा आंबटपणा जिभेवरचा खारटपणा धुऊन नेतो, आणि कालवाची स्वतःची गोडसर चव उघडी पडते. वरणभातावर लिंबू पिळल्यावर असंच होतं. लिंबू वेगळं जाणवत नाही, वरण खुलतं. याच कालवांबरोबर एखादी भारदस्त लाल वाइन घेतली, तर तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव येऊ शकते. ती वाइन वाईट नसते. तिला मागे सरता येत नाही, एवढंच.

मागे सरणं हा गुण एकट्याने असताना दिसत नाही. त्याला सोबत लागते. रिकाम्या पेल्यांची रांग मांडून, वाइनमागून वाइन चाखून गुण देणाऱ्यांच्या हाती मस्कादे म्हणूनच नेहमी थोडी कमी भरते. घरोघरीही अशी माणसं असतात. ती ज्यांच्याशेजारी बसतात, ते अधिक मोकळं बोलतात. बैठक चांगली झाली असं सगळे म्हणतात, आणि ती कुणामुळे झाली हे कुणी विचारत नाही.

नांतचे लोक मस्कादेला जेवणातून वेगळं काढत नाहीत. शिंपले शिजवताना तीच ओततात, नदीच्या माशावरच्या लोण्याच्या सॉसमध्येही तीच. तिच्याबद्दल मत बनवायचं असेल तर ती ताटाबरोबरच घ्यावी. कालवं मिळाली नाहीत, तर वाफवलेल्या तिसऱ्याही चालतील. मसाला मात्र बेताचा ठेवा.