आडोसा

आमच्या शेजारच्या बंगल्यात मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव झाला आणि त्याच्या चारी बाजूंना उभा अशोक लागला. उभा अशोक म्हणजे फांद्या अंगाशी धरून सरळ वर जाणारं, सदा हिरवं झाड; आडोशाला उत्तम. झाडं पुरुषभर उंच झाली आणि आयुष्यात प्रथमच, शेजारी काय चाललंय ते पाहावं, असं मला वाटू लागलं.

आता गंमत पाहा. मी पोहायला शिकलो तो पाठीला वाळका भोपळा बांधून, मळ्यातल्या विहिरीत. आडोसा उसाचा, तोही गळीत हंगाम येईपर्यंतच! पंचगंगेच्या घाटावर तर तेवढाही नव्हता. बायाबापड्या अंघोळी करायच्या, लुगडी पिळायच्या आणि पुरुष मान वळवून पुढं जायचे. पंचगंगेच्या पाच नद्यांपैकी चारच दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. तिला काही कुणी कुंपण घातलेलं नाही.

मग लाज राखायची कुणी? झाकणाऱ्यानं, की बघणाऱ्यानं? घाटावर ती जबाबदारी माझ्या खात्यावर होती. आता ती अशोकाच्या नावे वळती झाली आणि मी मोकळा!

"अहो, गच्चीवर किती वेळ?" खालून हिचा आवाज आला.

मी चटकन मान वळवली. म्हणजे जुनी सवय अजून अगदीच मोडलेली नाही म्हणायची.