परमुलखी जाणाऱ्याचे ऋण

हाती काम नसता, केवळ काम मिळेल या भरवशावर, आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड करण्यास निघावे काय? हा प्रश्न बहुधा व्यवहाराचा म्हणून विचारला जातो आणि व्यवहाराच्याच मापाने त्याचे उत्तर दिले जाते. सावध माणूस म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. धाडसी माणूस म्हणतो, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असे म्हणत बसणाऱ्याला कोणी काही आणून देत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच त्याने निकाल लागत नाही. दोघेही जाणाऱ्याचा लाभ आणि जाणाऱ्याची जोखीम एवढेच मोजतात. परंतु या प्रकरणात आणखी एक पक्षकार आहे. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निवाडा करणे न्यायाचे होणार नाही, असे आम्हांस वाटते.

हैदराबादेतील जामबाग ही वस्ती या विचारास सोयीची आहे. कोठी आणि मोअज्जमजाही मार्केट यांच्या शेजारचा हा भाग. नावात बाग आहे, आणि पुष्कळ वर्षे येथला फुलांचा बाजार साऱ्या शहरास ठाऊक होता. मराठी माणसास मात्र तो विवेकवर्धिनीमुळे ठाऊक आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा त्या जिल्ह्यांतील मुलाला कचेरी पाहायची तर हैदराबाद, उच्च न्यायालय पाहायचे तर हैदराबाद, आणि १९१८ नंतर विद्यापीठात शिकायचे तरी हैदराबादच. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात १८६७ साली जन्मलेले केशवराव कोरटकर गुलबर्ग्यास वकिली करून येथे आले आणि पुढे येथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. उर्दूत कारभार चालणाऱ्या या शहरात मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून १९०७ साली विवेकवर्धिनी निघाली, तीत त्यांचा आणि वामनराव नाईक यांचा मोठा वाटा होता. कोरटकरांसारखे मोठे पद सर्वांस लाभत नाही. त्यांच्या मागून जे शेकडो आले, त्यांतील पुष्कळांपाशी एक वळकटी, एक चिठ्ठी आणि कोणा नातलगाचा पत्ता याहून अधिक काही नव्हते.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. जामबागेतला मराठी रहिवासी रात्री निजला तो स्वतःच्या राज्यात आणि सकाळी उठला तो परराज्यात. माणसे जागची हलली नाहीत, राज्यच हलले. २ जून २०१४ रोजी तेलंगण झाले तेव्हा पुन्हा तसेच झाले. परमुलूख म्हणजे काय, याची रेषा माणसाच्या पायाखालून अशी सरकत असते. म्हणून जो आज बाहेरून येतो त्याकडे पाहताना येथल्या जुन्या माणसाने फार मोठा अधिकार गाजवू नये, हे उघड आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? भारताच्या राज्यघटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचा आणि वस्ती करण्याचा हक्क दिला आहे. वस्ती करण्यापूर्वी नोकरी दाखवा, असे घटना विचारीत नाही. परंतु वस्तीचा हक्क निराळा आणि भाकरीचा हक्क निराळा. हैदराबाद संस्थानात १९१९च्या फर्मानाने मुल्की नियम झाले आणि सरकारी चाकरी मुल्की माणसासाठी राखली गेली. जन्माने जो मुल्की नसेल त्याने पंधरा वर्षे येथे वास्तव्य केलेले असावे, आणि पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा इरादा आपण सोडून दिला आहे असे प्रतिज्ञापत्रही द्यावे, अशी अट होती. संस्थान गेले तरी तंटा राहिला. १९५७ साली संसदेने वास्तव्याच्या अटीचा कायदा केला; १९६९ साली त्यातील मुख्य तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली; १९७२ साली त्याच न्यायालयाने जुने मुल्की नियम अमलात असल्याचे म्हटले; १९७३ साली घटनादुरुस्ती होऊन ३७१-ड हे कलम आले आणि मुल्की नियम रद्द झाले. आजही येथील राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्या स्थानिक उमेदवारांसाठी राखलेल्या असतात. नव्या माणसाला राहण्यास कोणी मनाई करीत नाही, पण त्याला पोसण्याचा भार शासन घेत नाही. मग तो भार कोण घेतो?

हाच तो तिसरा पक्षकार. काम मिळेपर्यंतचे सहा महिने किंवा दोन वर्षे माणूस हवेवर जगत नाही. तो कोणाच्या तरी घासावर जगतो. पूर्वी तो काकांच्या ओसरीवर निजे आणि चार घरी वार लावून जेवे. आज नांदेडकडून वा लातूरकडून आलेला मुलगा अमीरपेठेत संगणकाचा वर्ग धरतो आणि वसतिगृहात एका खोलीत चौघांबरोबर राहतो. भाडे दरमहा वडील धाडतात. रीत बदलली, पण ऋण बदलले नाही. आणि या ऋणाचा सर्वांत जड भाग ज्याच्या नावे मांडलाच जात नाही तो बहुधा एका स्त्रीचा असतो. 'भाऊ येतोय, राहील थोडे दिवस' असे घरधनी सांगून मोकळा होतो. पहाटे एक भाकरी अधिक थापणारी, एक सदरा अधिक धुणारी, दोन खोल्यांच्या घरात पदर सावरून वावरणारी ती वहिनी. तिला कोणी विचारलेले नसते. आपण स्वतःच्या हिमतीवर परमुलखी उभे राहिलो, असे पुढे तो यशस्वी गृहस्थ सभेत सांगतो, तेव्हा हिमत त्याची असली तरी पीठ कोणाचे होते, हा प्रश्न उरतोच.

आमच्या व्यवसायात भावाभावांचे वाटणीचे दावे नेहमी पाहावे लागतात. 'याला मी दोन वर्षे पोसले' हे वाक्य अशा दाव्यात फिर्यादी वारंवार बोलतो. आम्हांस ते अर्जात लिहिता येत नाही, कारण प्रेमाने घातलेल्या जेवणाचे बिल न्यायालयात मागता येत नाही. पण दाव्याचे मूळ पुष्कळदा जमिनीत नसते, त्या वाक्यात असते. त्या भावाला पैसे नको असतात. ते दिवस धाकट्याने कबूल करावेत, एवढेच त्याला हवे असते. कबुली वेळेवर मिळाली असती तर खटल्यातील निम्मे कागद लिहावे लागले नसते.

यावरून आमचे पहिले मत असे की, काम नसता निघणे हे पाप नाही आणि पुण्यही नाही. परंतु ते एकट्याचे कृत्य कधीच नसते. करारकायद्यात जामीनदाराविषयी एक शहाणा नियम आहे. जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो जबाबदारीतून सुटतो. नीतीतही हेच तत्त्व लागू पडावे. ज्यांच्या आधारावर आपण निघतो ते आपले जामीनदार आहेत. त्यांना मुदत सांगितली पाहिजे, खर्च सांगितला पाहिजे आणि मुदत टळल्यास पुन्हा विचारले पाहिजे. पत्नीचे दागिने, आईवडिलांची पुंजी, मुलांच्या शाळेचे वर्ष ही जोखीम ज्याची त्याला विचारून घेतली तर ते साहस होय; न विचारता घेतली तर ती अफरातफर होय, मग पुढे यश येवो अथवा न येवो. यश आले म्हणजे न विचारल्याचा दोष धुऊन जातो, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. ती आम्हांस मान्य नाही.

येथे कोणी म्हणेल की, विचारण्याइतकी सवड सर्वांनाच कोठे असते? नसते, हे खरे. ज्यांना निघावेच लागले त्यांची गोष्ट निराळी, आणि ती आमच्या वाचकांस शिकवावी लागत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात साष्टीतील देवळे मोडली गेली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. अंत्रुज महालात त्यांच्यासाठी मंदिरे बांधून तयार नव्हती. आज आपण जी भव्य देवळे पाहतो त्यांची उभारणी मुख्यतः अठराव्या शतकातली, म्हणजे मधे दीड शतकाहून अधिक काळ लोटला. तेवढा काळ दैवते आणि त्यांचे महाजन दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या जमिनीवर राहिले. ज्या गावकऱ्यांनी त्यांना प्रथम जागा दिली, त्यांच्या नावाचे फलक आपण कोठे लावले आहेत? देवळे बांधणाऱ्यांची नावे आपण सांगतो. पहिल्या पावसाळ्यात ज्याच्या छपराखाली देव राहिला त्याचे नाव बहुधा कोणी सांगत नाही.

हे ऋण फेडायचे कसे? ज्याने घास दिला त्यालाच तो परत द्यावा, हे नेहमी शक्य नसते. काका वारलेले असतात, वहिनी आता काही घेत नाही. आपल्या परंपरेने याची तोड सांगून ठेवली आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने आणि पितरांचे ऋण संततीने फिटते, म्हणजे मागच्यांचे देणे पुढच्यांस द्यावयाचे असते. जामबागेतील शाळा आम्ही याच अर्थाने पाहतो. मराठी मुलांच्या गरजेतून ती निघाली, पण तिचे पुढे महाविद्यालय झाले आणि तेथे निरनिराळ्या भाषांची मुले शिकतात. घास ज्याने खाल्ला त्याने घास आपल्याच जातीभाषेच्या माणसापुरता राखून ठेवला असता, तर ते फेडणे झाले नसते; ती फक्त गोतावळ्याची सोय झाली असती. आपल्या देवस्थानांकडे भक्तनिवास आहेत, अन्नदानाचे निधी आहेत, उत्सवात हजारो पाने उठतात. काम शोधावयास आलेल्या मुलासाठी तीन महिन्यांची एक खाट आणि दोन वेळचे जेवण, कोणत्याही कुळाची चौकशी न करता, किती ठिकाणी मिळते? उत्सवातले पान पोटभर जेवून आलेल्यास वाढले जाते. खाटेचा खर्च त्याहून फारसा अधिक नाही, आणि ती ज्याला मिळते त्याच्यापाशी त्या रात्री दुसरे काही नसते.

शेवटची गोष्ट परतण्याची. मुल्की नियमांतील त्या प्रतिज्ञापत्राचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. 'मी परतणार नाही' असे माणसाकडून लिहून घेणे कायद्याला सोयीचे असेल, पण समाजही तेच लिहून घेतो, आणि ते अधिक क्रूर असते. गेलेला मुलगा रिकाम्या हाताने गावी आला तर 'आला का परत?' हा प्रश्न त्याला वेशीपासून घरापर्यंत ऐकावा लागतो. त्या भयाने कित्येक जण मुदत टळली तरी खोटी पत्रे लिहीत, कर्ज वाढवीत परक्या गावी राहतात. नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादेस मामांच्या, म्हणजे डॉ. नांदापूरकरांच्या, घरी राहिले. परीक्षांचे यश त्यांच्या वाट्यास तेथे फारसे आले नाही आणि पुढे ते नांदेडास शाळाशिक्षक झाले. हैदराबादेतील ती वर्षे वाया गेली असे आज कोणी म्हणेल काय? मामांच्या घरी जे वाचले आणि ऐकले त्याचे मोल गुणपत्रिकेत नव्हते. माणूस परत आला म्हणजे जाणे फुकट गेले, हा हिशेबच चुकीचा आहे.

तेव्हा आमचा निर्णय असा: ज्याला जावयाचे आहे त्याने जावे. ज्यांच्या जिवावर जातो त्यांना, आणि विशेषतः घरातील स्त्रीला, विचारून जावे. मुदत बांधून जावे. आणि पुढे आपल्या दारी असाच कोणी वळकटी घेऊन उभा राहिला, तर त्याचे कूळ विचारण्यापूर्वी त्याला जेवला आहेस का ते विचारावे. आणि मागे राहणाऱ्यांनी एवढे करावे की, तो परत आलाच तर दार उघडून त्याला आत घ्यावे, आणि का आलास हे लगेच विचारू नये.