मुंढा, बाही आणि विधी

कागदी पॅटर्नवरून पहिल्यांदाच कपडा शिवायला बसलेल्या माणसाला कारणे कळण्याआधी आज्ञा पाळाव्या लागतात. पॅटर्नवर छापलेला बाण कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवायचा. तुकडे जरा तिरके मांडले तर वीतभर कापड वाचते हे लगेच दिसते. चार धुण्यांनंतर पायजम्याची बाजूची शिवण पोटरीवरून फिरत पुढे येते, ते तेव्हा दिसत नसते. बाहीचे तर कोडेच. बाहीच्या माथ्याची गोलाई टेपने मोजली तर ती मुंढ्याच्या गोलाईपेक्षा थोडी जास्त भरते. नवख्याला वाटते छपाई चुकली, आणि तो जास्तीचे कापड छाटून दोन्ही कडा सारख्या करतो. मग बाही खांद्यावर ओढ घेते. ते जास्तीचे कापड टाचण्या लावून, चुणी न पडू देता मुंढ्यात खपवायचे असते, कारण खांदा सपाट नसतो. एवढे कारण कोणीही आधी सांगू शकेल. पण पहिली बाही लावून होईपर्यंत ते ऐकणाऱ्याच्या हाताला कळत नाही.

ज्याचे कारण अजून उमगलेले नाही असा नियम पाळणे शहाणपणाचे आहे का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न इथे कात्री हातात घेऊन उभा राहतो. आपल्याकडच्या बुद्धिवादाचे उत्तर रोखठोक आहे: कारण पटल्याशिवाय काही करू नये. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असा लेख लिहून रूढीला थेट पेहरावातच गाठणाऱ्या आगरकरांचा हा वारसा आहे आणि तो हलका नाही. पण शब्दशः घेतला तर त्यातून कोणीच काही शिकणार नाही. न्यायी कृत्ये करत करतच माणूस न्यायी होतो, वीणा वाजवूनच वादक होतो, असे ॲरिस्टॉटलने म्हटले त्याचा आशय हाच. काही कारणे कृतीच्या पलीकडच्या तीरावर असतात. तिथे पोचेपर्यंत उसन्या विश्वासावर चालावे लागते. तेव्हा श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतला फरक सुरुवातीला किती समजले होते यावरून ठरवणे मला चुकीचे वाटते. तो पुढे ठरतो. नियम अंगावर घालून बघता येतो का, आणि टोचला तर उसवता येतो का, हे त्यावेळी विचारायचे.

पॅटर्न बनवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. एबेनेझर बटरिक याने 1863 साली अमेरिकेत वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न बाजारात आणले, तेव्हापासून पॅटर्न अशा शरीरासाठी कापला जातो जे कुठेच नसते. आपल्या शिवणवर्गात छातीचा चौथा भाग अधिक ढिलाई असे गणित घालून ब्लाउज आखतात, तेही शेवटी अंदाजाचे शरीर. म्हणूनच शिवणीला माया ठेवतात, आणि महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर कच्चा कपडा शिवून अंगाला लावून बघतात.

धर्माच्या बाबतीत ही मोकळीक नाही, असे सनातनी आणि सुधारक दोघेही गृहीत धरतात. गंमत म्हणजे विधीचे सर्वांत कट्टर अभ्यासक, म्हणजे मीमांसक, तसे मानत नव्हते. त्यांच्या शास्त्रात दर्शपूर्णमास हा याग इष्टींची, म्हणजे एका प्रकारच्या यज्ञांची, प्रकृती, म्हणजे नमुना; बाकीच्या इष्टी तिच्या विकृती. देवता बदलली तर मंत्रातले अग्नीचे नाव काढून सूर्याचे घालायचे, याला ऊह म्हणतात, आणि मीमांसासूत्रे रचणाऱ्या जैमिनीचा नववा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. दहाव्यात बाधाची चर्चा येते. दीर्घायुष्य इच्छिणाऱ्यासाठी एक चरू सांगितला आहे, त्यात धान्याऐवजी सोन्याचे शंभर मणी तुपात शिजवायचे. नमुन्यात धान्य कांडणे आहे. मग सोने कांडायचे का? मीमांसक सांगतात, नाही. कांडण कोंडा काढण्यासाठी होते आणि सोन्याला कोंडा नसतो. हेतू संपला तिथे क्रिया गळाली.

यावर जाणकार आक्षेप घेईल, आणि तो घेण्याजोगा आहे. कोंडा नखांनी सोलूनही निघतो. तरी शास्त्र म्हणते कांडूनच काढा, आणि त्या नियमाचे म्हणून एक वेगळे, न दिसणारे फळ मीमांसकांनी मानले. म्हणजे प्रत्येक विधीत एक अदृष्ट उरतेच, आणि अदृष्टाचा कच्चा कपडा शिवून कसा बघणार? खरे आहे, नाही बघता येत. इथे मी मीमांसकांची साथ सोडतो, पण अर्धीच. ज्याला त्या अदृष्टासाठी स्वतः कांडायचे आहे त्याने खुशाल कांडावे; त्यात कोणाचे काही काचत नाही. विधवेच्या केशवपनात मात्र अदृष्ट सांगणारा एक होता आणि वस्तरा फिरत होता दुसरीच्या डोक्यावर, आणि तिला मला हे नको म्हणण्याची सोय नव्हती.

नवख्याला टीकेचा अधिकार काय, असेही विचारतात. ज्याला बाही लावता येत नाही त्याने मुंढ्याची आखणी चुकली म्हणू नये. हे मला मान्य आहे, कारण आखणीचे ज्ञान त्याला खरोखरच नसते. पण काखेत काचते हे सांगायला शिवण यावी लागत नाही, आणि चांगला शिंपी त्या बोलण्यावर वाद घालत नाही. किती सोडायचे, मुंढा खोल करायचा की बाजूची माया उसवायची, हे तो ठरवतो. आचाराच्या क्षेत्रात आपण या दोन अधिकारांची सरमिसळ केली आहे. शास्त्र येणाऱ्याला आपण आखणीचा अधिकार दिला, तो ठीकच होता. पण काचते की नाही हे सांगण्याचाही त्यालाच दिला, आणि ज्याच्या अंगावर कपडा होता त्याला आधी शास्त्र शिकून ये म्हणालो.