नाव बदलता येतं, घर नाही

कर्नाटकातल्या काळी नदीच्या खोऱ्यातला जोयडा तालुका जंगलाचा. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती बावन्न हजारांच्या आसपास होती, तीही दूरदूरच्या वाड्यांत विखुरलेली. कचेरीत कन्नड, घरात बहुधा कोंकणी, आणि मराठीही इथे परकी नाही. अशा मुलखात एखाद्या मुलाला आपलं मन मुलांकडेच ओढ घेतं हे, किंवा मुलीला आपला जीव मैत्रिणीत गुंतलाय हे घरी सांगायचं असेल, तर ती केवढी जोखीम असते! आणि असे अनुभव जमवू पाहणाऱ्याने सुरुवात तरी कुठून करावी?

मोठ्या शहरात सांगणाऱ्याचं नाव बदललं की बहुतेकदा भागतं. इथे भागत नाही. ‘तिघे भाऊ, धाकटा गोव्यात कामाला, घर देवळाच्या वर’ एवढं लिहिलं तरी वाडी ओळखते. इथे माणसाची ओळख नावापेक्षा नात्यांत, शेतात आणि देवळातल्या मानात अधिक असते. त्यामुळे अनुभव जितका बारकाव्यांनिशी लिहावा, तितका सांगणारा उघडा पडतो. बारकावे गाळावेत, तर अनुभवातलं गावच निघून जातं.

हा पेच याआधीही अनेकांनी आपापल्या परीने हाताळला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात उघडपणे उत्तरं दिली. समलिंगी संबंधांचा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. १९३४ साली या उत्तरांवरून खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने लढले, तरी कर्व्यांना दंड झालाच. विचारणाऱ्यावरचं संकट संपादकाने आपल्या अंगावर घेतलं होतं.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समलिंगी व्यक्तींसाठी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. ‘मनाचिये गुंती’ या पुस्तकात त्यांनी पालकांचे आणि आप्तांचे अनुभव एकत्र आणले. मूल बोलून मोकळं होतं, पण त्या रात्री आईला झोप लागत नाही. तिचीही कहाणी त्याच घरातली. कन्नडमध्ये वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ हा कथासंग्रह २०१३ साली आला, तेव्हा कल्पित पात्राच्या आधाराने त्यांना स्वतःच्या जगण्याबद्दल बोलता आलं.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. तुरुंगाचं भय गेलं. पण जमिनीतला वाटा, भावाच्या लग्नातली जागा, बापाला खांदा देण्याचा हक्क यांचा निवाडा वाडीतच होतो. म्हणून जोयड्यात कुणी बोलायला बसलं, तर ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हे उद्या घरी कळलं, तर तू रात्री कुठे झोपशील? उत्तर नसेल, तर ऐकावं आणि तिथेच थांबावं. दिलेली हकिगत परत मागण्याचा हक्क सांगणाऱ्याकडे कायम असावा. काही हकिगती वर्षानुवर्षं जपून ठेवाव्या लागतील. जपणं हेही संकलकाचंच काम आहे.

शिवाय सांगणं म्हणजे चारचौघांत जाहीर करणं, असा हट्ट नको. कुणी फक्त बहिणीला सांगतं आणि तिथेच थांबतं. ती अर्धवट राहिलेली कहाणी नव्हे. त्या घरात एक माणूस त्याला पुरतं ओळखतं, आणि तेवढ्या बळावर तो दिवाळीला घरी येऊ शकतो.

तरीही या कहाण्या जमवायलाच हव्यात. आपल्यासारखं या डोंगरात दुसरं कुणीच नाही, असं मानून किती तरी जण मन मारून लग्नाला उभे राहतात, आणि त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं. ही समजूत खोटी आहे, हे त्यांना त्यांच्याच मुलखातल्या कुणाकडून तरी कळायला हवं. मात्र पुढच्याला धीर देण्यासाठी आधीच्याचं घर मोडण्याचा अधिकार कुणालाच नाही. सांगणारा आपल्या माणसांत राहिला पाहिजे. ही अट पाळूनच या तालुक्यात वही उघडावी.