पाप आणि राजदंड

भ्रूणहत्या हे घोर पातक होय, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो; तो संस्कार आम्ही हलका लेखीत नाही. परंतु जे जे पाप, ते ते राजदंडाच्या कक्षेत आणावे काय? अमेरिकेत आज हाच वाद पेटला आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली मान्य केलेला गर्भपाताचा हक्क २०२२ साली त्याच न्यायालयाने काढून घेतला व प्रश्न राज्यांकडे सोपविला. टेक्सासने जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. कॅन्सासच्या मतदारांनी मात्र बंदीची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती त्याच वर्षी फेटाळली. एकच कृत्य, पण सीमा ओलांडली की अपराध!

गर्भाचा कैवार घेणाऱ्यांची करुणा आम्हांस खोटी वाटत नाही. पण टेक्सासच्या कायद्यात मातेच्या प्राणसंकटाचा जो अपवाद आहे, तो नेमका केव्हा लागू होतो? चुकल्यास डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. मग उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरने नाडी पाहावी की कलम? प्रायश्चित्त मनुष्य आपण होऊन घेतो. दंडाचे भय मात्र तिसऱ्याच्याच हाताला कंप आणते, आणि भोगते ती माता. अखेर २०२५ साली, संकट अगदी उंबरठ्यावर येईतो थांबण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी तेथील विधिमंडळास निराळा कायदा करावा लागला.