वारणेचा कांठ
(उत्पत्ति १३ : ५–१२ वाचावें.)



सांगलीजवळ हरिपूर येथें वारणा कृष्णेस मिळते. तो संगम पाहतांना मला एका राजघराण्याच्या भाऊबंदकीची आठवण होते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ सालीं शाहू महाराज सतरा वर्षांहून अधिक काळाच्या कैदेंतून परत आले. त्यांचे चुलते राजाराम महाराज निवर्तले होते, व राजारामांच्या पत्नी ताराबाई आपल्या पुत्राच्या नांवें राज्य चालवीत होत्या. मोगलांशीं त्यांनीं धैर्यानें झुंज दिली होती. पण पुतण्यास गादी देण्यास त्या सिद्ध होईनात. त्याच वर्षीं खेडजवळच्या लढाईंत शाहूंस जय मिळाला, व १७०८ सालीं साताऱ्यास त्यांस राज्याभिषेक झाला. तंटा मात्र मिटला नाहीं. कोल्हापूरकडे दुसरी गादी झाली. तेथेंही १७१४ सालीं सवत राजसबाई यांच्या पक्षानें ताराबाईंस पुत्रासह कैद करून राजसबाईंचे पुत्र संभाजी यांस राजा केलें.

चोवीस वर्षें तलवारीनें जें साधलें नाहीं, तें १७३१ सालीं वारणेच्या तहानें साधलें. शाहूंचा पक्ष वरचढ होता, तरी त्यांनीं वारणेच्या दक्षिणेकडील चुलतभावाचें राज्य मान्य केलें. अब्रामही वडील होता. तरी त्यानें लोटास आधीं निवड करूं दिली.

शाहूंच्या निधनानंतर ज्या रामराजास ताराबाईंनीं नातू म्हणून पुढें आणिलें, त्यासच त्यांनीं १७५० सालीं साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडलें. अशा कलहांत राज्याची खरी सत्ता पुण्यास पेशव्यांकडे गेली.

आपणांपाशीं राज्य नाहीं. शेताचा बांध आहे, विहिरीच्या पाण्याची पाळी आहे. मंडळींतील एक गृहस्थ मला म्हणाले, “पाळकसाहेब, कागद माझ्या बाजूचा आहे.” असेल. शाहूंचाही हक्क वडील शाखेचा होता. पण मीं स्वतः एका आंब्याच्या झाडावरून थोरल्या बंधूंशीं तीन वर्षें बोललों नाहीं. ते वारले. झाड आतां माझें आहे. त्याचा आंबा माझ्या घशाखालीं उतरत नाहीं.

म्हणून प्रभुभोजनास येण्यापूर्वीं, ज्याचा हक्क अधिक खरा, त्यानेंच आधीं भावाच्या दारीं जावें. आपण हें करावें म्हणून प्रभु आपणांस कृपा देवो. आमेन.